काढलेली गाठ जाते कुठे?

पनवेलहून माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याकडे जाणारा रस्ता सुकापूरमधून जातो. एके काळी भातशेतीचं असलेलं हे गाव आता नवीन पनवेलच्या वाढीत मिसळून गेलं आहे. इमारतींच्या तळमजल्यांवर किराणा, औषधांची दुकानं आणि दवाखाने एकमेकांना खेटून आहेत. याच रस्त्याने पुढे गेलं की नेरे लागतं. तिथे १९५१ साली स्थापन झालेल्या कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे. उलट दिशेला, त्याच पनवेल तालुक्यात, खारघरला टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोगाची संशोधन व उपचार संस्था आहे. कातडीवरचा बारीकसा चट्टाही दुर्लक्षू नये, हे कुष्ठरोगाच्या कामाने या पट्ट्याला शिकवलं. खारघरच्या संस्थेकडे गाठीतल्या पेशींची ओळख थेट जनुकापर्यंत शोधण्याची साधनं आहेत. या दोन ठिकाणांच्या मधल्या असंख्य लहान दवाखान्यांत तळपायावरची, बोटावरची, डोक्यावरची एखादी गाठ ‘भोवरी’, ‘चामखीळ’ किंवा ‘चरबीची गाठ’ म्हणून काढली जाते. पुढे त्या तुकड्याचं काय होतं, हा या लेखाचा विषय आहे. स्वेदग्रंथींचा, म्हणजे घाम तयार करणाऱ्या ग्रंथींचा कर्करोग अतिशय दुर्मीळ आहे. त्याच्या निदानाबद्दल आणि उपचाराबद्दल आज जे काही ठाऊक आहे, ते पुन्हापुन्हा एकाच गोष्टीकडे बोट दाखवतं. या रोगाचं भवितव्य बरंचसं पहिल्या तुकड्यावर ठरतं: तो नीट घेतला गेला का, तपासायला गेला का, आणि जाणत्या नजरेखाली पोहोचला का.

आधी ग्रंथींची ओळख करून घेऊ. माणसाच्या कातडीत स्वेदग्रंथी सुमारे वीस ते चाळीस लाख असतात. त्यांतल्या बहुतेक एक्राइन प्रकारच्या. शरीर थंड ठेवणारा पाण्यासारखा घाम त्या सोडतात, आणि तळहात-तळपायांवर त्यांची दाटी सर्वांत जास्त असते. दुसरा प्रकार अपोक्राइन. या ग्रंथी मुख्यतः काखेत आणि जांघेत असतात आणि वयात आल्यावर कामाला लागतात. प्रत्येक ग्रंथीचं वेटोळं कातडीच्या खोल थरात असतं. एक्राइन ग्रंथीची नळी वर येऊन थेट पृष्ठभागावर उघडते, तर अपोक्राइनची बहुधा केसाच्या पुटकात. या वेटोळ्यातल्या किंवा नळीतल्या पेशी बेबंद वाढू लागल्या की जे कर्करोग होतात, त्यांचा हा गट. कोकणपट्टीच्या दमट हवेत घामाशी रोजचीच गाठ असल्याने एक शंका आधीच दूर केलेली बरी: जास्त घाम आल्याने किंवा घाम दाबल्याने हा कर्करोग होतो, याला कोणताही पुरावा नाही. वाढतं वय आणि काही प्रकारांत दीर्घकाळ पडलेलं ऊन, तसंच प्रतिकारशक्ती दडपणारी औषधं, जशी अवयवरोपणानंतर घ्यावी लागतात, यांचा संबंध मात्र दिसून आला आहे.

‘स्वेदग्रंथींचा कर्करोग’ हे एकच नाव असलं, तरी त्याखाली बरेच वेगवेगळे रोग मोडतात आणि त्यांचे स्वभाव एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांतल्या त्यात जास्त आढळणारा पोरोकार्सिनोमा. पिंकस आणि मेहरेगन यांनी १९६३ साली त्याचं पहिलं वर्णन केलं आणि हे नाव १९६९ साली मिशिमा आणि मोरिओका यांनी दिलं. तो बहुधा साठी-सत्तरीत आणि पायावर जास्त दिसतो. कधी कधी वर्षानुवर्षं निरुपद्रवी राहिलेल्या ‘पोरोमा’ नावाच्या गाठीतूनच तो उद्भवतो. मायक्रोसिस्टिक ॲडनेक्सल कार्सिनोमा १९८२ साली वेगळा ओळखला गेला. तो चेहऱ्यावर, विशेषतः ओठाभोवती येतो, वर्षानुवर्षं सावकाश वाढतो आणि दूर क्वचितच पसरतो, पण आतल्या आत मज्जातंतूंच्या कडेने लांबवर रांगत जातो. बोटांवर येणारा डिजिटल पॅपिलरी प्रकार याच्या उलट वागतो. गाठ लहानशी, पण फुप्फुसापर्यंत जाण्याची तिची क्षमता मोठी. पापण्यांवर येणारा म्युसिनस प्रकार तुलनेने सौम्य असतो. याशिवाय हायड्राडेनोकार्सिनोमा, स्पायराडेनोकार्सिनोमा, ॲडेनॉइड सिस्टिक, काखेतला अपोक्राइन असे आणखीही आहेत. रिपोर्टवर नुसतं ‘घामाच्या ग्रंथीचा कर्करोग’ एवढंच आलं तर काम अर्धंच झालं, कारण किती कापायचं, कुठे शोधायचं आणि किती वर्षं लक्ष ठेवायचं हे पुढच्या नावावर ठरतं.

हा रोग किती दुर्मीळ आहे? अमेरिकेच्या कर्करोग नोंदणीवर आधारलेल्या, १९७८ ते २००५ या काळाच्या एका मोठ्या अभ्यासात त्वचेच्या उपांगांचे, म्हणजे स्वेदग्रंथी, तैलग्रंथी वगैरेंचे सगळे कर्करोग मिळून दर वर्षी दहा लाख लोकांमागे साधारण पाच आढळले. आशियाई वंशाच्या लोकांत ते प्रमाण आणखी कमी होतं. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. रोग मूळ जागीच असताना सापडलेल्या रुग्णांचं पाच वर्षांचं सापेक्ष जीवितमान ९९ टक्के होतं आणि दूर पसरल्यावर सापडलेल्यांचं ४३ टक्के. पोरोकार्सिनोमाच्या ६९ रुग्णांचा २००१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच वेगळ्या बाजूने सांगतो. त्यांतल्या १७ टक्के रुग्णांत गाठ त्याच जागी पुन्हा आली, १९ टक्क्यांत ती लसीका ग्रंथींत गेली आणि ११ टक्क्यांत रोग दूर पसरला किंवा मृत्यू ओढवला. गाठ सात मिलिमीटरपेक्षा खोल गेलेली असणं आणि पेशी रक्त-लसीका वाहिन्यांत शिरलेल्या असणं ही वाईट लक्षणं ठरली. म्हणजे इथे खरा शत्रू खोली आहे, आणि खोली वेळेबरोबर वाढते. आपल्याकडे दुखणं अंगावर काढण्याची सवय आहे, आणि या गाठी तर बहुधा दुखतही नाहीत. ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ या एका वाक्यात कित्येक महिने निघून जातात.

नुसत्या डोळ्यांनी हा रोग ओळखता येत नाही, ही सगळ्या पुस्तकांत सापडणारी कबुली आहे. पोरोकार्सिनोमा लालसर, ओलसर, सहज रक्त येणारी गाठ म्हणून दिसतो, तर कधी चामखिळीसारखा किंवा न भरणाऱ्या जखमेसारखा. तळपायावर तो भोवरी समजला जातो आणि ब्लेडने तासला जातो. बोटावरची गाठ पाण्याची गाठ वाटते. डोक्यावरची गाठ चरबीची वाटते. या परिसराशी खास नातं असलेला एक घोटाळा मायक्रोसिस्टिक प्रकारात होऊ शकतो. तो मज्जातंतूंभोवती शिरत असल्याने ओठाजवळच्या किंवा गालावरच्या कडक चट्ट्यात बधिरपणा, मुंग्या किंवा जळजळ जाणवते. कुष्ठरोगाच्या मोहिमांनी ‘बधिर चट्टा’ हे लक्षण कर्मचाऱ्यांच्या मनात पक्कं रुजवलं आहे, आणि ते योग्यच आहे. पण जंतू सापडत नाहीत, मज्जातंतू जाड झालेले नाहीत, औषधाचा उपयोग होत नाही आणि चट्टा दगडासारखा कडक लागतो, अशा वेळी दुसऱ्या शक्यतेचा विचार व्हायला हवा. कुष्ठरोगाने शिकवलेली सवयच इथे कामी येते: कातडीतला जो बदल समजत नाही, त्याचा तुकडा तपासायचा.

तुकडा घेण्यालाही एक शास्त्र आहे आणि चुका नेमक्या इथेच होतात. मायक्रोसिस्टिक प्रकारात वरच्या थरात फक्त निरुपद्रवी दिसणाऱ्या बारीक पोकळ्या असतात. कर्करोगाची खरी ओळख, म्हणजे घट्ट तंतुमय ऊतीत शिरलेल्या पेशींच्या बारीक दोऱ्या आणि मज्जातंतूंना घातलेले वेढे, ती खालच्या थरात असते. वरवरचा खरवडलेला तुकडा पाठवला तर रिपोर्ट ‘सौम्य गाठ’ असा येतो, आणि तो प्रामाणिक असूनही चुकीचा असतो. म्हणून तुकडा कातडीच्या खालच्या चरबीपर्यंत खोल हवा. गाठीत सुई टोचून पेशी काढण्याची, म्हणजे एफएनएसीची तपासणी आपल्या गावांत-शहरांत सहज होते, स्वस्तही असते आणि लसीका ग्रंथी तपासायला उपयोगी असते. पण स्वेदग्रंथींच्या गाठींत निकाल पेशींच्या मांडणीवर आणि कडांच्या आकारावर अवलंबून असतो. सुटलेल्या पेशींत ती मांडणीच उरत नाही. गाठ काय आहे हे ठरवण्याआधी ती लेझरने किंवा विद्युतदहनाने जाळून टाकणं सर्वांत घातक, कारण त्यात पुरावाच नष्ट होतो. तुकडा साध्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये ठेवून पाठवला तर पेशी सडतात. त्याच्या दहापट फॉर्मलिन हवं. सोबतच्या कागदावर वय, जागा, गाठ किती दिवसांची, पूर्वी कुठला कर्करोग झाला होता का, एवढं लिहिलं तरी तपासणाऱ्याला अर्धा रस्ता सापडतो.

सूक्ष्मदर्शकाखाली दोन प्रश्न सोडवायचे असतात. पहिला, गाठ सौम्य की घातक? स्वेदग्रंथींच्या बाबतीत ही सीमारेषा भल्याभल्यांना चकवते. बोटांवरच्या पॅपिलरी गाठींचं वर्णन १९८७ साली झालं तेव्हा त्यांची ‘सौम्य’ आणि ‘घातक’ अशी विभागणी केली होती. २००० साली आणखी रुग्णांचा मागोवा घेतल्यावर कळलं की दिसण्यावरून वागणं सांगता येत नाही. ‘सौम्य’ हे नावच मग सोडून द्यावं लागलं. दुसरा प्रश्न त्याहून नाजूक आहे: ही गाठ कातडीत जन्मली की शरीरात दुसरीकडून आली? स्तन, फुप्फुस, आतडं यांचे कर्करोग कातडीत पसरले की सूक्ष्मदर्शकाखाली ते स्वेदग्रंथींच्या कर्करोगासारखेच दिसू शकतात. एका बाबतीत कातडीवरची शस्त्रक्रिया रोग बरा करू शकते, दुसऱ्यात ती निरर्थक ठरते. यासाठी पेशींवरची प्रथिनं रंगवणाऱ्या इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीची मदत होते. पी६३ आणि पोडोप्लॅनिन ही प्रथिनं दिसली तर गाठ कातडीतलीच असण्याकडे कल जातो. सीईए आणि ईएमए घामाच्या नळ्या उठावदार करतात. टीटीएफ-१ फुप्फुसाकडे, तर सीडीएक्स२ आतड्याकडे निर्देश करतं. पण यांतला एकही रंग एकटा साक्षीदार म्हणून पुरत नाही. अपोक्राइन आणि म्युसिनस प्रकार स्तनाच्या कर्करोगासारखेच रंग दाखवतात, कारण स्तनग्रंथी आणि स्वेदग्रंथी यांचं मूळ नातं जवळचं आहे. म्हणून अशा रुग्णाच्या स्तनांची तपासणी आणि गरजेनुसार छाती-पोटाचं स्कॅन झाल्याशिवाय ‘मूळ इथलंच’ असा शिक्का मारू नये.

गेल्या दशकात या कामात जनुकांची साक्ष मिळू लागली आहे. जपानी संशोधकांनी २०१९ साली दाखवलं की पोरोमाच्या दहातल्या जवळपास नऊ गाठींत आणि तपासलेल्या अकरापैकी सात पोरोकार्सिनोमांत वायएपी१ हे जनुक दुसऱ्या जनुकाशी चुकीचं जोडलं गेलेलं असतं. ॲडेनॉइड सिस्टिक प्रकारात एमवायबी आणि एनएफआयबी या जनुकांची जोडणी आढळते. बोटांच्या पॅपिलरी प्रकारात तर २०२२ साली एचपीव्ही ४२ या विषाणूचा हात असल्याचं उघड झालं. तोवर या विषाणूकडे निरुपद्रवी म्हणून पाहिलं जात होतं. या शोधांचा लगेचचा उपयोग निदानासाठी आहे. वायएपी१ ज्या जोडीदार जनुकांशी जोडलं जातं, त्यांतल्या एका प्रकारात ‘नट’ नावाच्या प्रथिनाचा साधा रंगच सकारात्मक येतो आणि संदिग्ध गाठीचं नाव निश्चित व्हायला मदत होते. मात्र या सगळ्याला तुकडा लागतो, आणि तो मेणाच्या ठोकळ्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, जपून ठेवलेला असावा लागतो. ज्या गाठीचा ब्लॉकच नाही, तिच्यासाठी ही सगळी प्रगती झालीच नाही असं समजायला हरकत नाही.

उपचारांत शस्त्रक्रिया अजूनही पहिल्या क्रमांकावर आहे. गाठ भोवतालच्या निरोगी कातडीसह पूर्ण काढायची. पोरोकार्सिनोमात ही कड साधारण एक ते दोन सेंटिमीटरची ठेवली जाते. पण किती सेंटिमीटर यापेक्षा कड खरोखर स्वच्छ आहे का, याला जास्त महत्त्व आहे. मायक्रोसिस्टिक प्रकारात तर डोळ्यांना दिसणारी गाठ फसवी असते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ४८ रुग्णांच्या अभ्यासात गाठ पूर्ण निघेपर्यंत झालेली जखम दिसणाऱ्या गाठीच्या सुमारे चौपट झाली होती. अशा ठिकाणी मोह्ज पद्धत सर्वांत उपयोगी ठरते. अमेरिकी शल्यविशारद फ्रेडरिक मोह्ज यांनी १९३० च्या दशकात तिची सुरुवात केली. गाठ थराथराने काढायची, प्रत्येक थराची संपूर्ण कड आणि तळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, आणि जिथे रोग उरला असेल तिथेच पुन्हा कापायचं, हे तिचं तत्त्व. साध्या पद्धतीने काढलेल्या मायक्रोसिस्टिक गाठी मोठ्या प्रमाणात परत येतात आणि मोह्जनंतर ते प्रमाण बरंच कमी होतं, असं वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्रित कल सांगतो. २०१९ सालच्या तज्ज्ञांच्या एकमताच्या शिफारशींतही संपूर्ण कड तपासणाऱ्या पद्धतीलाच अग्रक्रम दिलेला आहे.

यावर कोणी म्हणेल की मोह्ज करणारे सर्जन भारतात मोजकेच, मग सुकापूरच्या रुग्णाला या माहितीचा काय उपयोग? आक्षेप खरा आहे, पण त्यात एक गफलत आहे. मोह्जचं बळ यंत्रात किंवा गोठवलेल्या कापांत नाही, कड पूर्ण पाहण्यात आहे. तेच काम टप्प्याटप्प्याने करता येतं. गाठ काढायची, तिच्या बाजू दोऱ्याने किंवा शाईने खुणावून पाठवायच्या, जखमेवर नुसतं ड्रेसिंग ठेवायचं, मेणातल्या कापांचा रिपोर्ट दोन-चार दिवसांनी आला की उरलेल्या बाजूला पुन्हा कापायचं, आणि कडा स्वच्छ झाल्यावरच कातडी लावून जखम बंद करायची. यासाठी लागतो तो सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट यांच्यातला संवाद. नेहमीच्या तपासणीत काढलेल्या तुकड्याचे काही निवडक काप पाहिले जातात. सर्जनने ‘सगळी कड पाहा’ असं लिहिलं आणि पॅथॉलॉजिस्टने ते मनावर घेतलं, तर हे मोठ्या रुग्णालयात निश्चित होऊ शकतं. जखम घाईने झाकण्याची सवय मात्र सोडावी लागते. सुंदर टाके घालून बंद केलेल्या जखमेखाली रोग उरला, तर पुढची शस्त्रक्रिया कितीतरी पटीने अवघड होते.

शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलं की पुरावा विरळ होत जातो, आणि तसं स्पष्ट सांगणं गरजेचं आहे. जांघेत किंवा काखेत अवधाण आलेलं असेल तर त्याची तपासणी आणि गरज पडल्यास तिथल्या ग्रंथी काढणं, यावर मतभेद नाहीत. हाताला काही लागत नसताना पहिली लसीका ग्रंथी शोधून तपासावी का, यावर एकमत झालेलं नाही. खोल गेलेल्या किंवा वाहिन्यांत शिरलेल्या गाठींत तिचा विचार होतो. किरणोपचार कड स्वच्छ न मिळाल्यास, मज्जातंतूंभोवती रोग असल्यास किंवा ग्रंथींत पसरल्यास शस्त्रक्रियेला जोड म्हणून दिले जातात. दूर पसरलेल्या रोगासाठी कोणतीही ठरलेली केमोथेरपी नाही. प्लॅटिनमवर्गीय औषधं, टॅक्सेन, ५-फ्लुरोयुरॅसिल यांचे अनुभव एकेका रुग्णाच्या वृत्तांतांतून आले आहेत. गाठीवर हार्मोनचे ग्राहक असतील तर टॅमॉक्सिफेन आणि हर-२ हे प्रथिन असेल तर ट्रॅस्टुझुमॅब यांचा फायदा काही रुग्णांत झाला आहे. प्रतिकारशक्तीला मोकळं करणाऱ्या औषधांना प्रतिसाद मिळाल्याचेही वृत्तांत आहेत. पण यश मिळालेलाच रुग्ण बहुधा छापून येतो. एकट्या यशकथेच्या सुतावरून स्वर्ग गाठून घर विकायला निघालेल्या कुटुंबाला डॉक्टरांनी हे समजावून सांगायला हवं. पुरावा विरळ आहे म्हणून काहीच निश्चित सांगता येत नाही, असं म्हणणंही बरोबर नाही. लवकर, पूर्ण आणि स्वच्छ कडांसह काढलेली गाठ बरी होते, याबद्दलचा पुरावा भक्कम आहे. जिथे पुरावा बळकट तिथे जोर लावायचा, हाच या आढाव्याचा निष्कर्ष.

आता सर्वांत व्यवहारी आक्षेप. दर वर्षी दहा लाखांत पाचपेक्षाही कमी जणांना होणाऱ्या रोगासाठी प्रत्येक गाठ तपासायला पाठवायची का? काढलेल्या शंभर गाठींतल्या बहुतेक साध्याच निघणार, मग गरिबाच्या खिशातून पैसे का काढायचे? हिशेब फक्त स्वेदग्रंथींच्या कर्करोगापुरता केला तर आक्षेप बिनतोड आहे. पण फॉर्मलिनची बरणी एकाच रोगासाठी जात नाही. तळपायावरच्या काळ्या डागात मेलॅनोमा निघू शकतो, आणि भारतीयांत हा रोग तळपाय-तळहातांवर विशेष दिसतो. भाजल्याच्या जुन्या वणावर स्क्वेमस कर्करोग निघतो, चेहऱ्यावर बेसल पेशींचा. चामखिळीसारख्या चट्ट्यात त्वचेचा क्षय, कुष्ठरोगाची गाठ, क्वचित फुप्फुसातून आलेला कर्करोगही निघतो. ही सगळी बेरीज धरली की एका साध्या तपासणीचा खर्च मोठा वाटत नाही, आणि उशिरा सापडलेल्या रोगावरच्या शस्त्रक्रिया-किरणोपचारांपुढे तर तो नगण्य ठरतो. स्पष्टपणे ओळखता येणारं लोंबतं मस किंवा लहान मुलाची नेहमीची चामखीळ सोडून द्या. पण सुरीने काढलेली, वाढत गेलेली, रक्त आलेली, न भरणारी किंवा काढल्यावर पुन्हा आलेली गाठ तपासणीविना टाकून देणं योग्य नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाच्या उपचारांना मदत मिळते, पण त्या योजनेचं दार उघडायला आधी निदानाचा कागद लागतो. तो कागद त्या छोट्या बरणीतूनच येतो.

दुसरा आक्षेप डॉक्टर घेत नाहीत, घरातली माणसं घेतात: गाठीला सुरी लागली की ती पेटते, कर्करोग पसरतो. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण तिच्यामागे पाहिलेला अनुभव असतो. अर्धवट काढलेली गाठ पुन्हा येते, जोमाने येते, आणि लोक दोष सुरीला देतात. खरं तर रोग तिथे आधीच होता. तो पूर्ण निघाला नाही आणि काय होता ते कोणी पाहिलं नाही, ही खरी चूक. नीट घेतलेल्या बायोप्सीमुळे त्वचेचा कर्करोग पसरून रुग्णाचं आयुष्य घटतं, असं दिसून आलेलं नाही. तपासणी टाळल्याने होणारा उशीर मात्र आयुष्य घटवतो. म्हणून सुरीची भीती असलेल्याला सांगावं ते असं की सुरी अर्धवट चालू देऊ नका, आणि चालली की तुकड्याचा रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय गप्प बसू नका.

कातडीवरचे दुर्मीळ कर्करोग नेमके पाहण्याची परंपरा याच मुलखातली आहे. परळचं टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली रूढी-सवयींतून उद्भवणाऱ्या कर्करोगांवर लिहिताना कंबरेला घट्ट आवळलेल्या धोतराच्या रेषेवर होणारा कर्करोग जगापुढे मांडला. परकराच्या नाडीच्या रेषेवर होणाऱ्या अशाच कर्करोगाबद्दल वर्धा आणि मधुबनीच्या डॉक्टरांनी २०२४ साली पुन्हा लिहिलं. हे रोग स्वेदग्रंथींचे नव्हेत, पण ते सापडले ते तुकडा तपासला गेला आणि माणसाच्या राहणीशी ताडून पाहिला गेला म्हणून. देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईतच सुरू केली. बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ ची. बार्शीच्या कर्मचाऱ्यांनी गावोगाव जाऊन लोकांना लक्षणं सांगितली, आणि एवढ्यानेच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या. महागडी यंत्रं न आणताही निदान अलीकडे ओढता येतं, याचा हा मराठी मुलखातला पुरावा आहे. स्वेदग्रंथींच्या कर्करोगाची अडचण अशी की नोंदीत तो ‘त्वचेचे इतर कर्करोग’ या मोठ्या गाठोड्यात हरवतो. पोरोकार्सिनोमाला ८४०९/३, मायक्रोसिस्टिकला ८४०७/३ असे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संकेतांक आहेत. रिपोर्टवर नेमकं नाव असेल तरच ते वापरता येतात.

मग पनवेल तालुक्यात काय करता येईल? नवं रुग्णालय उभारण्याची गरज नाही. सुकापूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी, नेरे-मालडुंग्याकडच्या वाड्यांत फिरणाऱ्या आशा सेविकांनी आणि कुष्ठरोगाच्या पाहणीसाठी अंग तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांनी एकच जास्तीचा प्रश्न विचारावा: वाढणारी, रक्त येणारी, न भरणारी गाठ आहे का, विशेषतः तळपायावर? भातलावणीत अनवाणी राबणाऱ्या पायांना भोवरी आणि जखम नेहमीचीच, म्हणून तिथल्या गाठीकडे दुर्लक्ष होणं सोपं असतं. पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय आणि कामोठ्याचं एमजीएम वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहेत. तिथल्या रिपोर्टवर ‘ॲडनेक्सल’, ‘स्वेदग्रंथी’, ‘पोरो’ असे शब्द आले की शस्त्रक्रियेची घाई न करता ब्लॉक आणि स्लाइड घेऊन टाटा केंद्राचं दुसरं मत घ्यावं. २०१२ पासून उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशभरातली कर्करोग केंद्रं याच विचाराने जोडली आहेत: दुर्मीळ रोगाचं ज्ञान एका जागी साठावं आणि उपचार शक्य तितके घराजवळ व्हावेत. फ्रान्समध्ये त्वचेच्या दुर्मीळ कर्करोगांसाठी ‘कॅराडर्म’ हे जाळं हेच काम करतं. रुग्णाने एवढं लक्षात ठेवावं की ब्लॉक त्याच्या आजाराचा पुरावा आहे. प्रयोगशाळा तो कायमचा जपत नाही. तो मागून घ्यावा, रिपोर्टसोबत ठेवावा, आणि गाठ निघाल्यावरही तपासण्या सोडू नयेत. मायक्रोसिस्टिक प्रकार बऱ्याच वर्षांनीही त्याच जागी डोकं वर काढतो.

दुर्मीळ रोगावर लिहिताना नेहमी एक मोह होतो, संशोधनाच्या पुढच्या टोकाकडे बोट दाखवून थांबण्याचा. नवी औषधं येतील, यायलाच हवीत. पण सुकापूरच्या रस्त्यावर आज एखाद्याच्या तळपायावर वाढत असलेल्या गाठीसाठी निर्णायक गोष्ट आधीच हाताशी आहे: खोलवर घेतलेला एक तुकडा, दहापट फॉर्मलिन, नीट भरलेला कागद, आणि खारघरपर्यंतचा तासाभराचाही नसलेला प्रवास. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालावा लागू नये. गाठ काढणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला रुग्णाने आणि घरच्यांनी, न बिचकता, एवढं विचारावं: डॉक्टर, काढलेली गाठ कुठे पाठवणार? या प्रश्नाला सरळ उत्तर मिळेल, त्या दिवसापासून या रोगाशी लढाई बरोबरीची होईल.